शटरच्या टीव्हीतला कॉम्प्युटर

आमचे दाजी तातेराव यांनी आयुष्यात जे काही केलं ते रागाच्या भरात केलं. लग्न तेवढं सोडून, आणि तेही घरच्यांशी भांडूनच केलं असावं, असं माझी बहीण चांगुणा म्हणते. मीही काही शांत माणूस नाही. वाटूरच्या शाळेवर मास्तरकी केली तेव्हा पोरं माझी सायकल दिसली की गप्प बसायची. पण दाजींच्या रागापुढे माझा राग म्हणजे चहाची वाफ. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. त्या रागापायी एकदा त्यांच्याच पोरीचं नुकसान होता होता राहिलं, आणि त्याची चीड माझ्या मनात अजून आहे.

सुरुवात एक्याऐंशी साली झाली. दाजी तेव्हा वीस वर्षांचे, परतूरच्या मोंढ्यात पोती उचलायचे. त्यांचे वडील संपतराव वाटूरला मजुरी करायचे. संपतरावांनी कुठूनसा एक जुना रेडिओ आणला होता, तो एके दिवशी गप्प झाला. दाजींनी तो परतूरच्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. दुकानदारानं महिनाभर फिरवलं. आज या, उद्या या, पार्ट आला नाही. शेवटी एकदा दाजींनी काउंटरवरून वाकून बघितलं, तर रेडिओ उघडाच पडलेला आणि आत फक्त एक तार सुटलेली. ती दाखवायला त्यांनी बोट पुढे केलं, तशी दुकानदारानं हातावर पक्कड मारली.

"हात लावू नको," तो म्हणाला. "तुमच्या लोकाचं काम न्हाई हे."

तुमच्या लोकांचं म्हणजे कुणाचं, हे दुकानदाराला माहीत होतं आणि दाजींनाही. आम्हाला बौद्ध होऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण दुकानदाराच्या डोक्यातून आमची जुनी वस्ती काही हलली नव्हती. दाजींनी रेडिओ उचलला, घरी आणला, चुलीत खिळा तापवला आणि ती तार जागेवर चिकटवली. रेडिओ बोलायला लागला. संपतराव हसले, पण दाजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मोंढ्यात गेलेच नाहीत. जालन्याला जाऊन एका मेकॅनिकच्या हाताखाली राहिले, वर्षभर त्याची भांडी घासली, आणि परत येऊन रेल्वे गेटजवळ पत्र्याच्या टपरीत 'संपत रेडिओ' उघडलं.

पुढे टीव्ही आले. आधी काळे-पांढरे, लाकडी खोक्यातले, पुढे शटर असलेले. मग रंगीत. परतूर तालुक्यात दाजींसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. ज्या दुकानदारानं पक्कड मारली होती तोच पुढे स्वतःला न जमलेले सेट गुपचूप दाजींकडे पाठवायचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा लाउडस्पीकर दरवर्षी दाजीच बांधायचे, आणि त्याच्या आवाजात कधी खरखर आली असं कुणी म्हणणार नाही. एवढं सगळं झालं, पण राग काही उतरला नाही. दुकानाच्या पाटीखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलं होतं: वस्तूंना हात लावू नये.

त्यांची एकुलती एक मुलगी कौसल्या. शाळा सुटली की ती दुकानात स्टुलावर बसायची. स्क्रू दे, मीटर दे, तो पिवळा कॅपॅसिटर दे, असं दाजी न बघता म्हणायचे आणि ती न विचारता द्यायची. सातवीत असताना तिला कॅपॅसिटरवरचे आकडे वाचता येत होते. माझ्या वर्गातल्या पोरांना पाढे येत नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. पण सोल्डरिंगची मशीन, म्हणजे तारा चिकटवायची ती तापलेली दांडी, तिनं कधी हातात घेतली की दाजी ओरडायचे.

"ठेव ते. चटका बसंल. पोरीचं काम न्हाई."

मी तिथं बसलेलो असायचो. चहा प्यायचो. एकदाही तोंड उघडलं नाही.

दोन हजार दोन साली कौसल्या बारावी होऊन मराठी-इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली होती. एका सरकारी खात्यात लिपिकाची भरती निघाली. त्यात पहिल्यांदाच टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर होणार होती. पत्र टाइप करायचं, तक्ता करायचा, छापून द्यायचं. आमच्या घराण्यात टेबल-खुर्चीवर बसून काम करणारी बाई अजून झाली नव्हती. ही नोकरी तिला मिळाली असती तर ती पहिली.

परतूरला बद्रीनाथ सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. कौसल्यानं नाव घातलं. त्या क्लासचं वर्णन करायला लागलो की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. चपला बाहेर काढायच्या. पाय पुसायचे. आत मशीनवर फुलाफुलांचे झगे घातलेले. एका मशीनला चार पोरी, आणि मशीनवर हात सरांचा. पोरींनी मागं उभं राहून वहीत लिहून घ्यायचं: अमुक बटण दाबलं की तमुक होतं. दोन महिने झाले तरी माझ्या भाचीनं की-बोर्डवर बोट टेकवलेलं नव्हतं. विचारलं तर सर म्हणाले, "हात लावू नका, मशीन नाजूक असतं. सराव घरच्या मशीनवर करायचा."

घरचं मशीन! त्या काळात कंपनीचा कॉम्प्युटर तीस-पस्तीस हजारांना येत होता. परतूरला घरात कॉम्प्युटर असणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, आणि आमच्या गल्लीत एकही नाही. हे सरांना माहीत नव्हतं का? बिलकुल माहीत होतं.

कौसल्यानं घरी येऊन एवढंच सांगितलं की सर हात लावू देत नाहीत. दाजी जेवत होते. ताटावरून उठले. भाकरी तशीच राहिली. चांगुणाअक्का मागून ओरडली, "अवं जेवून तर घ्या," पण ते ओसरीत जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "मास्तर, उद्या औरंगाबादला जायचं. मीच बनवतो. बघू कसं हात लावू देत न्हाई ते."

आम्ही गेलो. जुन्या बाजारात दिवसभर फिरलो. एका ऑफिसातून निघालेला मदरबोर्ड, त्यावर जुना सेलेरॉन प्रोसेसर. चौसष्ट एमबीची रॅम. चार जीबीची हार्ड डिस्क, जी चालू केली की दळण टाकल्यासारखा आवाज करायची. एक की-बोर्ड, त्यातलं एक बटण गायब. चौदा इंची मॉनिटर, एका कोपऱ्यात जरा हिरवट. दाजी प्रत्येक वस्तू दुकानदाराकडून चालवून घ्यायचे, तिचा वास घ्यायचे आणि मगच पिशवीत टाकायचे. नवा घेतला तो फक्त एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला करंट पुरवणारा पत्र्याचा डबा. "पोट चांगलं पायजे," म्हणाले. शिवाय एक जळका एसएमपीएस भंगाराच्या भावात उचलला, पार्ट काढायला.

कॅबिनेट मात्र त्यांनी घेतलं नाही. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर वीस इंची शटरचा टीव्ही पडलेला होता, मालक परत न आलेला. त्याची पिक्चर ट्यूब काढून टाकली. काचेच्या जागी मॉनिटर बसवला. बाजूच्या फळीवर मदरबोर्ड उभा ठोकला, खाली हार्ड डिस्क, मागं जाळी कापून पंख्याला वाट. सुरू करायला बटण पाहिजे, तर दारावरच्या बेलचं पांढरं बटण लावलं. शटर ओढलं की टीव्ही, उघडलं की कॉम्प्युटर. अक्कानं वर क्रोशाचा रुमाल टाकला तेव्हा दाजी तिच्यावर ओरडले, कारण हवा अडत होती.

पहिल्यांदा बेलचं बटण दाबलं, पंखा फिरला, मॉनिटरवर पांढरी अक्षरं आली. कौसल्या खुर्चीवर बसली आणि तिनं आपलं नाव टाइप केलं. मला रडू आलं, हे मी लपवत नाही. दाजींनी मात्र लगेच तंबी दिली, "टाइप करायचं. बाकी मागं बिलकुल हात लावायचा न्हाई."

परीक्षेला एक महिना होता. आता अडचण लाइटची. दिवसभर लाइट नसायची. यायची ती संध्याकाळी, आणि त्याच वेळी आसपासच्या सगळ्या शेतातल्या मोटारी सुरू व्हायच्या. बल्ब बघावा तर नुसती लाल तार. दाजींनी मीटर लावला तर दोनशेतीसच्या जागी एकशेतीस व्होल्ट, कधी एकशेचाळीस. टीव्हीचा स्टॅबिलायझर हात टेकायचा. कॉम्प्युटर सुरूच व्हायचा नाही. कौसल्या शटर उघडून काळ्या काचेसमोर बसून राहायची. दिवस जात होते आणि बोटं चालत नव्हती.

आणि मग दाजींनी ते केलं. एसएमपीएसच्या पाठीला एक छोटं लाल बटण असतं. एकीकडे लिहिलेलं असतं २३०, दुसरीकडे ११५. काही देशांत लाइट कमी दाबाची असते, तिथल्यासाठी ते ११५. दाजींनी विचार केला, आपल्याकडे तरी कुठे २३० येतंय? स्क्रू-ड्रायव्हरनं ते बटण ११५ वर ओढलं, बेल दाबली, आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

दाजी गल्लीभर सांगत फिरले. एकशेतीसवर मशीन चालवून दाखवलं! मीही शाळेत सांगितलं. चुकीत मीही वाटेकरी होतो, ते आधीच कबूल करतो. एकटी कौसल्या म्हणाली, "बाबा, मोटारी बंद झाल्या आन लाइट एकदम पूर्ण आली तर?"

"मला शिकवती का? एकवीस वर्षं झाली मला ह्या कामात."

"आपण मीटर लावून ठिवू. वाढलं की मी बटण फिरवीन."

"हात लावू नको म्हणून सांगितलं न!"

चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास शेताकडची लाइन अचानक गेली. सगळ्या मोटारी एका क्षणात बंद पडल्या आणि गावातला सगळा दाब घरांवर आला. बल्ब लख्ख पेटला. कौसल्या पत्र टाइप करत होती, 'महोदय'पर्यंत आली होती. शटरच्या मागं सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. धूर, जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि जाळीतून कागदाचे कपटे उडाले. अक्कानं धावत जाऊन पोरीला मागं ओढलं. तिला काही झालं नव्हतं. परीक्षेला नऊ दिवस राहिले होते.

दाजींनी काय केलं असेल? काही नाही. चप्पल घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. परत आले ते ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गल्ली हसत होती ना! बद्रीनाथ सर म्हणाले म्हणे, रेडिओवाल्यानं रेडिओ करावा. ते ऐकून दाजींनी जेवण सोडलं. मला विचाराल तर त्या दोन दिवसांत मला सरांपेक्षा दाजींचा राग जास्त आला. पोरीचे नऊ दिवसांतले दोन दिवस हा माणूस स्वतःच्या अपमानाला कुरवाळत बसला होता. मी तोंडावर म्हणालो, "दाजी, उठा. ते मशीन तुमच्या इज्जतीसाठी न्हाई बनवलं."

ते उठले, पण मशीनकडे नाही, सरांच्या क्लासकडे निघाले, भांडायला. मी मागोमाग. चपला न काढता आत शिरले, पोरींसमोर सरांना नको नको ते बोलले. सरही बोलले. भांडून मिळालं काय? सरांनी कौसल्याचं नाव वहीतून कापलं. आता क्लासच्या मशीनकडे दुरून बघायचीही सोय राहिली नाही.

आम्ही घरी आलो तर ओसरीत पेपर अंथरलेला. त्यावर एसएमपीएस उघडा पडलेला, शेजारी तो भंगारातला डबा, दुकानातला मीटर, आणि कौसल्याच्या हातात सोल्डरिंगची मशीन. दुकानाची किल्ली तिनं खुंटीवरून काढून नेली होती. दाजींचा राग आधीच तापलेला. दारातूनच ओरडले.

"हात लावू नको त्याला!"

कौसल्यानं वर बघितलं. मशीन खाली ठेवली नाही. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"त्या दुकानदारानं तुम्हाला हात लावू देल्ता न्हाई. तुम्ही एकवीस वर्षं तेच सांगून राह्यले. सरांनी मला हात लावू देल्ता न्हाई, तर तुम्ही ताटावरून उठून गेल्ते. मंग घरात तुम्ही काय करून राह्यले, बाबा? बाहेरचे सर दोन महिनेच म्हनले. तुम्ही मला जन्मापासून म्हनून राह्यले."

अक्का पदर तोंडाला लावून उभी. माझी नजर खाली गेली, कारण त्या स्टुलाशेजारी बसून मी वर्षानुवर्षं चहा पीत आलो होतो. दाजींचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता हात उचलतात. मग ते पेपरच्या कडेला खाली बसले. वाकून त्या डब्यात बघितलं.

"डायोड बघितले का?" त्यांनी विचारलं.

"बघितले. दोन गेलेत. फ्यूज गेला. मोठे दोन्ही कॅपॅसिटर फुटलेत."

"ट्रान्झिस्टर?"

"चांगले हायेत. दोनदा बघितले."

"कॅपॅसिटर कुठले टाकणार?"

तिनं भंगारातला डबा पुढे सरकवला. दाजींनी टॉर्च घेतली आणि तिला उजेड धरला. तिचा पहिला टाका जरा जाड पडला, तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढे गेला. मी बघत होतो. तो अर्ध्यात थांबला आणि परत टॉर्चवर आला.

टीव्हीवाले दुरुस्त केलेला सेट कधी थेट लाइटला लावत नाहीत. मध्ये एक साधा बल्ब जोडतात. आत अजून बिघाड असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो. सगळं ठीक असेल तर एकदा उजळतो आणि मंद होतो. कौसल्यानं बल्ब जोडला. लाल बटण २३० वर ओढलं, नखानं दाबून बघितलं आणि प्लग लावला. बल्ब उजळला. मग तो मंद होत गेला आणि नुसती तार लाल राहिली.

दुसऱ्या दिवशी दाजींनी त्या लाल बटणावर वाळून दगड होणारं एम-सील थापलं. कमी दाबावर काय करायचं, तर त्यांनी दोन मेलेल्या स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर जोडून एक मोठा स्टॅबिलायझर बनवला. तो म्हशीसारखा घुमायचा, पण मशीन चालवायचा. उरलेले दिवस कौसल्या लाइट असेल तेव्हा टाइप करत होती. परीक्षा झाली. ती पास झाली, यादीत चौथी आली. आणि मग भरतीच अडकली! कुणीतरी कोर्टात गेलं, कागद इथून तिथं फिरले, आणि नेमणुकीचं पत्र यायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांवर बोलायला लागलो तर ही गोष्ट संपायची नाही. पत्र आलं, ती अंबडला रुजू झाली, एवढं सांगून पुढे जातो.

त्या मधल्या काळात क्लासमधल्या तिच्या तीन मैत्रिणी घरी यायला लागल्या. बेबीनंदा, गिरिजा आणि एक वाटूरहून एसटीनं येणारी. एकेक तास एकेकीचा. बद्रीनाथ सरांच्या कानावर गेलं. एके रविवारी दुपारी, नेमकी लाइट असताना, ते स्वतः आमच्या गल्लीत आले, घुश्शात. "घरगुती मशीनवर क्लास चालवता का?" म्हणत आत शिरले आणि शटरच्या टीव्हीसमोर उभे राहिले. बेबीनंदा नुकतीच उठली होती, मशीन बंद होतं. सर वाकून बघायला लागले. लाकडाचं खोकं, काचेच्या जागी मॉनिटर, बाजूला बेलचं बटण. राग विसरून बघत होते. नकळत त्यांचं बोट बटणाकडे गेलं, आणि मग लक्षात आल्यासारखं मध्येच थांबलं.

दाजी मागं उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. एकवीस वर्षं या माणसानं याच क्षणाची वाट बघितली असणार. तीन शब्द फक्त बोलायचे होते, आणि माझ्या तर ते ओठांवर आले होते. बोला ना दाजी, म्हणालो मनात. दाजींच्या कपाळाची शीर टरारून फुगली होती.

"लावा हात, सर," दाजी म्हणाले. आवाज कडूच होता. "दाबा. काही होत न्हाई."

सरांनी बटण दाबलं. पंखा फिरला. मला दाजींचा एवढा राग आला की मी चहा न घेताच निघालो. रेल्वे गेटपर्यंत चालत गेलो, 'संपत रेडिओ'ची पाटी, तिच्याखालची ती लाल अक्षरं बघितली आणि परत फिरलो. ओसरीत सर खुर्चीवर बसलेले होते. कौसल्या त्यांना बटण गायब झालेल्या की-बोर्डवर ते अक्षर कसं आणायचं ते दाखवत होती, आणि दाजी टॉर्च हातात धरून मागं उभे होते, भर दुपारी.